खोट्या फांदीचा नारळ

पिंपळे गुरवच्या रोहिदासला आधीपासनं झाडाची आवड व्हती असं कुनी तुमाला सांगितलं, तर खुशाल समजा की त्यो मानूस रोहिदासला वळखत न्हाई. आमी दोघं चाकनला एकाच कंपनीत, एकाच बसनं जायचो. खिडकीची जागा मिळाली की गडी डोळं मिटून घ्यायचा. "भाईर काय बघायचं? झाडं तर हायती," म्हनायचा. पावसाळ्यात कंपनी पोरांच्या हातात रोपं द्यायची, तवा त्येनं लावलेलं एक बी रोप जगलं न्हाई.

रिटायर झाला आनि डॉक्टरनं सांगितलं, चाला. म्हनून चालाय लागला. संत तुकाराम नगरला त्येच्या मेव्हन्याकडं गेला, तर तिथल्या बागेत एका टेबलावर चिंचेचं झाड. हातभर उंच, आनि त्येला चिंचा लोंबत्यात. रोहिदासला वाटलं प्लास्टरचं. त्येनं बोट खुपसून बघितलं.

"खरी आहे हो ती. मोडाल," मागून एक बाई म्हनली.

त्या सुमनताई. शाळेतनं रिटायर झालेल्या, बोन्साय क्लबच्या अध्यक्ष. त्यांनी रोहिदासला रागं भरलं न्हाई, चा पाजला आनि नाव लिवून घेतलं. तवापासनं म्हयन्याच्या दुसऱ्या ऐतवारी गडी इस्तरीचा शर्ट घालून क्लबाला. तिथं मुळं छाटायची, फांदीला तार गुंडाळायची, खापराच्या ट्रेमदी माती बदलायची, असं एकेक जन करून दावतो. पाऊस लागला की जुन्या भिंतीतनं उगावलेलं पिंपळ-उंबर उपटून आनायची सहल. थंडी सरताना प्रदर्शन. रोहिदासनं पयल्या वर्सात दोन जांभळी पानी घालू घालू कुजवल्या.

गावात लई चेष्टा. "काय रोहिदासराव, जिमीन इकली, आता ट्रेमदी शेती व्हय?" पारावरची म्हनायची. "पीक कवा निघतंय? आमाला बी द्या वाटीभर." त्यो हसायचा. पन क्लबात त्येला कुनी हसत नसं. तिथं बँकेतलं सायेब, डॉक्टर, शाळंच्या बाया, समदी त्येला 'रोहिदासभाऊ' म्हनायची. बत्तीस-तेहतीस वर्सं कंपनीत पत्रा दाबायच्या प्रेसच्या आवाजात ज्येला 'ए' म्हनून हाका मारल्या, त्येला ह्याची चटक लागनारच.

आता क्लबाची एक रीत. नवा सभासद मोठं झाड घेऊन पयल्यांदा आला, की त्येनं उभं राहून झाडाची गोष्ट सांगायची. कुठनं आलं, कुनी दिलं, कसं जगलं. निरंजन डॉक्टरांचा पिंपळ त्येंच्या दवाखान्याच्या पडक्या भिंतीतला व्हता. एका बाईंची चिंच तिच्या मेलेल्या आईच्या अंगनातली. ती गोष्ट सांगताना बाई रडली, आनि आर्धा हॉल नाक पुसत बसला.

रोहिदासनं वड आनला व्हता. जाड बुंधा, दोन्हीकडनं पारंब्या, लई देखना. तळेगावच्या वाटंवरच्या नर्सरीतनं रोख पैसं देऊन इकत घेतलेला. ह्याची काय गोष्ट सांगायची? पोरीचा नवरा गाडी घेऊन आला, डिकीत घातला, आनला. संपली गोष्ट.

त्यो उभा राहिला. समदी बघत व्हती. सुमनताईंनी मोबाईल धरला, शूटिंगला. आनि गडी बोलला, "ह्यो आमच्या बांधावरचा वड. म्हसोबाचा. झाड तोडायची येळ आली तवा म्या एक फांदी ठिवली. ती जगवली. हीच ती."

बोलल्यावर त्येचं त्येला कळलं की आपून काय बोललो. पन तवर टाळ्या सुरू झाल्या व्हत्या.

बांधावर वड व्हता, ह्यात खोटं न्हाई. रोहिदासचं रान आनि त्येच्या चुलत्याचं रान, मदल्या बांधावर त्यो वड. बुडाशी शेंदूर फासलेला धोंडा, म्हसोबा. पेरनीआधी दोन्ही घरांनी मिळून तिथं नारळ फोडायचा, दहीभात ठिवायचा. चुलता वारल्यावर त्येची बायकू कस्तुरानानी एकटी यायची, पन यायची. मंग बिल्डर आला, रोहिदासनं आपलं रान त्येला इकलं. सोसायटीचं गेट नेमकं वडापाशी येनार. नानी म्हनली, गेट सरकवा. बिल्डर म्हनला, रस्ता सरकत न्हाई. नानी रोहिदासच्या दारात उभी राहून म्हनली, "झाडाला हात लावलास तर तुझ्या उंबऱ्यात पाय ठिवनार न्हाई. मेलास तरी न्हाई, मेले तरी न्हाई."

रोहिदास म्हनला, "न्हाई लावत, नानी." आनि नानी लेकीकडं खेडला बाळातपनाला गेली तवा मशीन लावून वड आडवा केला. फांद्या बेकरीवाल्यानं भट्टीला न्हेल्या. म्हसोबाचा धोंडा गेटाशेजारी जनरेटरच्या खोलीमागं सरकवला.

त्येला धा-बारा वर्सं झाली. नानीचं घर त्येच आळीत, चार दारं सोडून. पन ती आली न्हाई. रोहिदासच्या पोरीचं, तनुजाचं, लगीन झालं, घरची वडीलधारी म्हनून पयली अक्षता नानीची, तर नानीनं घरचं दार लावून घेतलं. भावकीत मयत झाली की दोघं एकमेकांकडं पाठ करून बसायची. सांगन्याजोगी गोष्ट रोहिदासकडं व्हती, पन ती ही व्हती. ही कशी सांगायची?

घरी आल्यावर त्येनं बायकोला, जयमालाला, टाळ्यांचं सांगितलं.

"कंची फांदी?" जयमाला भाजी निवडता निवडता म्हनली. "फांद्या तर बेकरीवाल्याच्या टेंपूत गेल्या. मी सोता बघितल्यात."

"गप की. कोन इचारतंय?"

"नानीनं इचारलं तर?"

"नानी कशाला मरायला बोन्सायला येती."

आनि मंग चार-सा दिस गडी खुशीत व्हता, हे बी लिवलं पायजे. प्रदर्शनात मदल्या टेबलावर रोहिदासचा वड ठिवायचं ठरलं. सुमनताईंनी त्येचं शूटिंग समद्या ग्रुपांवर टाकलं. पारावरच्यांनी बी बघितलं. चेष्टा करनारं म्हातारं एकदम गप झालं. एक जन तर म्हनला, "रोहिदास, आमी तुला नावं ठिवली, तू तर पोटात माया ठिवलीस." रोहिदासनं मान खाली घातली. लोकांना वाटलं, इनय.

नानीची नात पिंकी पिंपळे सौदागरला आयटीत. तिनं मोबाईलवर आजीला दावलं. नानीला आदी दिसंना, मंग पिंकीनं मोठं करून दावलं. पिंकीच पुढं म्हनली की आजीनं ते तीनदा लावायला सांगितलं.

प्रदर्शन शनवार-ऐतवार. शनवारी दुपारी हॉल गच्च भरलेला. शाळंची पोरं रांगेनं चाललेली, "हात लावू नका" म्हनून सुमनताई वरडतायत. आनि दारातनं कस्तुरानानी आली. नऊवारी, डोईवर पदर, हातात ताट झाकलेलं. संगं पिंकी.

रोहिदासनं बघितलं आनि त्येच्या हातातला पान्याचा फवारा तसाच राहिला.

नानी त्येच्याकडं न बघता सरळ टेबलापाशी गेली. लई येळ वडाकडं बघितलं. पारंबीला बोट लावलं. सुमनताई म्हनाय गेल्या, "आजी, हात..." आनि थांबल्या. नानीनं ताटावरचं फडकं काढलं. दहीभात, उदबत्ती, नारळ.

"हितं फोडू का?" तिनं इचारलं.

"आजी, फरशी आहे हो," सुमनताई हळू म्हनल्या. "आणि धूर झाडांना चालत नाही."

"बरं." नानीनं उदबत्ती न पेटवता ठिवली. नारळ ट्रेच्या कडंला टेकवला. मंग तिनं टेबलाच्या कडंवर डोकं ठिवलं. सत्तरी पार केलेली बाई, कंबर धरून वाकून ठिवलं.

उठली आनि रोहिदासकडं वळली. "फांदी ठिवलीस व्हय रं, रोहिदासा?"

आता बोल. आता बोलला असता तर आर्धं तरी निभावलं असतं. त्यो म्हनला, "नानी..." आनि फवारा ह्या हातातनं त्या हातात घेतला.

नानी समद्यांच्या म्होरं बोलली. "मी ह्याला लई बोलले, बाई. बांध खाल्ला, देव खाल्ला म्हनले. शिव्याशाप दिलं. ह्याच्या पोरीच्या लग्नाला गेले न्हाई. आनि ह्यानं फांदी पोटाशी धरली, मला सांगितलं न्हाई." तिनं नाक पदराला पुसलं. "मी माझं बोललेलं माघारी घेते. उद्या दुपारी तुझ्या घरी जेवायला येते. जयमालाला म्हनावं पुरन घाल. त्यो नारळ बी घरी ने, तिथंच फोडू."

हॉलमदी टाळ्या. एक बाई म्हनली, "किती गोड!" दोगांनी फोटू काढलं. त्या फोटूत रोहिदास हाय, हातात फवारा, आनि तोंड असं की कुनी त्येला खांबाला बांधून ठिवलंय.

सांजच्याला त्यो घरी आला. नारळ पिशवीत. देव्हाऱ्यात ठिवंना, सयपाकघरात ठिवंना, शेवटी चपलांच्या कपाटावर ठिवला. जेवला न्हाई. जयमालानं पिंकीच्या फोनवरनं समदं ऐकलं व्हतंच.

"तुमी सांगताय का मी सांगू?" सकाळी डाळ शिजत घालताना ती म्हनली.

"जेवून झाल्यावर सांगतो. पोट भरल्यावर मानूस वाईच..."

"अवो, तिनं एवढी वर्सं बोल पाळला. त्यो मोडून ती उंबरा वलांडनार, आनि ते बी खोट्यावर? माझ्या हातची पोळी घालू व्हय मी त्यावर? मला न्हाई जमायचं. आत यायच्या आदी सांगा. न्हाईतर मी चुलीवरचं उतरवते."

"गॅस हाय त्यो."

"जे काय हाय ते उतरवते!"

दुपारी नानी आली. ठेवनीतलं इरकल नेसली व्हती. आळीतल्या बाया दारादारात उभ्या. जयमालानं रीतीपरमानं पायावर घालायला पानी आनि ओवाळून टाकायला भाकरीचा तुकडा घेतला व्हता. पन पानी घालंना. तांब्या हातात तसाच, नजर नवऱ्याकडं.

"घाल की गं," नानी म्हनली. "का इसरलीस, पाहुनी कशी घ्यायची?" आनि तिनं पाय उचलला.

"नानी, थांब." रोहिदास दारातच आडवा झाला. "आत पाय नको ठिवू."

"का रं?"

"ती फांदी न्हाई. नर्सरीतला वड हाय त्यो. म्या इकत आनला. आपल्या वडाची फांदी म्या ठिवली न्हाई. एक बी न्हाई."

नानीचा पाय हवेतच व्हता. तिनं त्यो हळूच मागं घेतला, पायरीवर ठिवला. आळीतल्या बाया दारातनं म्होरं सरकल्या. कुनाच्या तरी घरात टीव्ही चालू व्हता.

"मंग काल मी डोकं कुनापुढं टेकलं?"

नानीच म्होरं बोलली.

"मानसं टाळ्या वाजवत व्हती. तू बी ऐकत व्हतास."

"व्हय."

"तोडलास त्याचं एक सोसलं मी. तोडनारं तोडत्यात, पैसं आलं की हात चालतो. पन तू काल मला माघारी घ्यायला लावलंस रं." नानीचा आवाज चढला न्हाई, ते जास्त वाईट. "माझा बोल हाय त्यो. तेवढाच माझा व्हता."

जयमाला रडाय लागली. नानी तिला म्हनली, "तू कशाला रडती? पोळ्या झाल्यात का?"

"व्हय."

"डब्यात घाल. पुरनाचा काय गुन्हा." मंग रोहिदासला, "आनि माझा नारळ दे."

त्येनं चपलांच्या कपाटावरचा नारळ आनून दिला. नानीनं कुठं ठिवला व्हता ते बघितलं. डबा काखंत, नारळ परत त्येच्याच हातात दिला. "चल म्होरं."

आळीतनं दोघं निघाली, आनि मागनं आर्धं गाव, लांबनं लांबनं. रोहिदास पुढं, नारळ धरून. ज्या पारावर त्येला माया ठिवलीस म्हनलं व्हतं, त्या पारापुढनं.

सोसायटीच्या गेटवर नवनाथ नावाचा वॉचमन. लातूरकडचा, नवा. त्येनं दांडा आडवा केला. "कुनाकडं जायचंय, काका? फ्लॅट नंबर सांगा."

रोहिदासच्या बापाची नांगरलेली जिमीन ती. त्यो बघतच राहिला.

"वडाकडं," नानी म्हनली.

"वड काय आडनाव हाय का, आजी? रजिष्टरात बघावं लागंल."

"तू उभा हायस तिथं व्हता त्यो. सरक वाईच."

नवनाथ खरंच सरकला. मागं एक गाडी येऊन हॉर्न मारायला लागली, तिच्यामागं जेवनाचं पार्सल घेऊन आलेली मोटारसायकल. जनरेटरच्या खोलीमागं धोंडा व्हता. शेंदूर उडालेला, बाजूला पेंटचा रिकामा डबा. नानीनं डबा पायानं बाजूला केला.

"सांग त्येला," ती म्हनली.

"काय सांगू?"

"काय केलंस ते. मला सांगून काय? मी काय देव हाय?"

गाडीवाला काच खाली करून म्हनला, "काय चाललंय? गेट उघडा ना!"

"एक मिनिट, साहेब, ह्यांचं कायतरी धार्मिक हाय," नवनाथ म्हनला.

रोहिदास उकिडवा बसला. गुडघं दुखत व्हतं. त्यो हळू पुटपुटला. नानी म्हनली, "मला ऐकू येत न्हाई, त्येला कसं यील? हॉल भरून मोठ्यानं सांगितलंस न्हवं? तेवढ्यानंच सांग."

मंग त्यो बोलला. हॉर्न चालू, मागं गाव उभं, वर गॅलरीतनं मानसं वाकलेली. "म्हसोबा, वड म्या तोडला. नानीला न्हाई म्हनून सांगितलं आनि तोडला. फांदी ठिवली न्हाई. ठिवली म्हनून खोटं बोललो." त्येचं कान लाल झालं व्हतं. कंपनीत एकदा चोरीच्या खोट्या आळावर त्येची झडती घेतली व्हती, तवा बी मी त्येला बघितलाय. तवा त्यो ताठ उभा व्हता. ह्या येळंला न्हाई.

नारळ त्येनं रस्त्यावरच्या गतिरोधकावर आपटला. नानीनं त्येचं तुकडं केलं. एक धोंड्यापुढं, एक नवनाथला, एक त्या गाडीवाल्याला काचंतनं आत. पार्सलवाल्याला बी दिला. रोहिदासनं हात पुढं केला. नानीनं त्येच्या हाताकडं बघितलं आनि शेवटचा तुकडा सोताच्या पदराला बांधला.

मंग वॉचमनच्या पिलॅस्टिकच्या खुर्चीवर बसून तिनं डबा उघडला आनि पुरनपोळी खाल्ली. "चांगली झालीय," म्हनली. "जयमालाला सांग." आर्धी नवनाथला दिली. रोहिदास उभाच. ऊन डोक्यावर.

तिथनं त्यो तडक संत तुकाराम नगरला गेला. प्रदर्शनाचा शेवटचा दिस, मानसं मदल्या टेबलाभोवती. त्येनं सुमनताईंना आनि निरंजन डॉक्टरांना बाजूला घेऊन सांगितलं. त्येला वाटलं, आता आपल्याला क्लबातनं काढत्यात. काढलं असतं तर बरं वाटलं असतं.

डॉक्टर हसलं. "अहो रोहिदासभाऊ, त्यात काय एवढं! झाड तर चांगलंच आहे ना? संध्याकाळपर्यंत राहू द्या. लोकांना आवडतीये गोष्ट."

सुमनताई हसल्या न्हाईत. त्या म्हनल्या, "त्या आजींना माहीत आहे का?"

"व्हय."

"मग उचला."

त्येनं ट्रे उचलला. जड व्हता, दोघांनी धरायचा. त्येनं एकट्यानं धरून शेवटच्या भिंतीकडंच्या टेबलावर न्हेला, तिथं पयल्या वर्साच्या सभासदांची मिरचीसारखी बारकी झाडं ठिवल्याली. शाळंचं एक पोरगं मागं आलं आनि इचाराय लागलं, "काका, म्हसोबाचा वड हाच का?" त्येला बी सांगावं लागलं. सांजपातुर जो इचारंल त्येला सांगावं लागलं. कोन म्हनलं, असू दे. कोन नुस्तंच म्होरं गेलं. एक बाई, जिनं आदल्या दिशी फोटू काढला व्हता, तिनं मोबाईल काढून त्यो फोटू त्येच्यापुढंच पुसला.

आता पावसाची सहल जवळ आलीय. ह्या येळंला पवनंकाठच्या जुन्या घाटाच्या भिंती. मंग मुळं छाटायचा वर्ग, मंग दिवाळीनंतर तारंचा. रोहिदास जातो. नवा सभासद गोष्ट सांगाय उभा राहिला की त्यो खाली बघतो, आनि टाळ्या वाजवायच्या राहून जात्यात. वडाला पानी घालतो, फांद्या छाटतो, पारंबी तिसरी फुटलीय. कुनी वाखानला की त्यो इचारायच्या आदीच सांगतो, नर्सरीतला हाय.

दर अवसेला त्यो नारळ घेऊन गेटवर जातो. नवनाथ आता फ्लॅट नंबर इचारत न्हाई, दांडा वर करतो. नानी येत न्हाई. आळीत समोर आली तर पाठ बी करत न्हाई आनि बोलत बी न्हाई. मी रोहिदासला म्हनलो, "जा की एकदा तिच्या दारात." तर म्हनला, "कंच्या तोंडानं?"

पोळ्यांचा डबा नानीकडंच हाय. पितळंचा, झाकनावर जयमालाच्या बापाचं नाव घातल्याला, लग्नातला. रोहिदासनं दोनदा म्हनून बघितलं, पिंकीला सांगून मागवू का? जयमाला नको म्हनती. "ऱ्हाऊ दे तिच्याकडं. द्यायला यील तवा उंबऱ्यापातुर तर यावंच लागंल तिला."